झाडाचं दूध

२ जानेवारी, शुक्रवार

ट्रान्सपोर्टवाल्याने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली. एरवी ती मृणालीच्या रेघोट्यांसाठी घरी जाते, यंदा मी ठेवून घेतली. राहनाळच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून दिवसभर दुसऱ्यांच्या मालाच्या नोंदी करतो, थोड्या स्वतःच्याही कराव्यात म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार ओढून लिहीन. घरी लिहिलं तर मेघाली वाचणार आणि मग त्यावर तोंड पाडून बसणार.

यंदा दोन कामं डोळ्यासमोर आहेत. पहिलं, आमच्या कन्येला मार्गाला लावणे. मृणाली तिसरीत आहे आणि दोनचा पाढा तिला परवा आला, काल गेला. जातो कुठे कोण जाणे. शिकवणीच्या बाई बंद केल्या, आता मीच शिकवणार. मुलगी बोलायला लागली की थांबत नाही, म्हणजे डोकं आहे. फक्त आळस आहे, आणि आईचे लाड.

दुसरं काम गोड आहे. मेघालीला दिवस गेलेत. तीन महिने सरले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. आठ वर्षांनी पाळणा हलणार. गणेशपुरीच्या पुढे आमचं गाव, तिथे आक्काला, म्हणजे माझ्या आईला, फोन केला. ती म्हणाली, "सोमवारपासून झाराचं दूध धारते." म्हटलं, धाड.

५ जानेवारी

पहिली बाटली आली. आमच्या घराच्या मागे दोन ताड आहेत. आमच्यात पोटुशी बाईला ताडाची नीरा रोज द्यायची रीत आहे. ताडी नव्हे, उजाडताना मडक्यातून उतरवतात ती गोड नीरा. आक्का तिला झाडाचं दूध म्हणते. पोट थंड राहतं, मूल गोरंगोमटं होतं. माझ्या वेळी आक्का रोज झाडाखाली जाऊन प्यायची. मी गोरा झालो नाही, पण धडधाकट झालो.

आता आम्ही कल्याणजवळच्या कोन गावात राहतो, सून काही रोज पहाटे ताडाखाली जाऊन उभी राहणार नाही. म्हणून आक्का बाटली भरते, माझा चुलतभाऊ हिरामण भाजीच्या टेंपोतून सकाळी गोडाऊनच्या गेटवर देतो, मी केबिनमध्ये ठेवतो आणि संध्याकाळी घरी नेतो. फ्रिजची आक्काने सक्त मनाई केली आहे. "फ्रिजान नको ठेवू, बालाला सर्दी व्हईल." मृणालीच्या वेळीही हिवाळाभर, उन्हाळाभर मी असंच केलं होतं. तेव्हा मी इथे साधा चेकर होतो, बाटली डबे ठेवायच्या कपाटात ठेवायचो. बायकोसाठी एवढं करणारे नवरे भिवंडी तालुक्यात शोधावे लागतील.

मी स्वतः शिवत नाही. बाबा ताडीने सुरू झाले आणि देशीने संपले. त्यांच्या दहाव्याला मी शपथ घेतली की ताडावरून उतरलेली कोणतीही वस्तू जिभेला लावणार नाही. आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही. गोडाऊनमधली पोरं बाटली बघून डोळे मिचकावतात. ताडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार, मिचकावू दे.

१४ जानेवारी

मृणालीचा अभ्यास. पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी तिला सांगितलं, बाल्दी भर, नळ बंद कर आणि आईला हाक मार. बाल्दी भरली. नळ वाहतोय आणि बाईसाहेब शेजारच्यांच्या मांजराशी गप्पा मारतायत. विचारलं, नळ बंद करायला सांगितलं होतं ना? म्हणाली, "कधी?" आणि चेहरा इतका खरा की एखाद्याला वाटावं मीच सांगायला विसरलो.

संध्याकाळी तिळगूळ वाटायला खाली गेली ती नवीन कंपासपेटी देऊन आली. कोणाला, तर नाव माहीत नाही. का दिलीस? "तिने मागितली." अशाने ही उद्या घराची चावी पण देईल. पाढा येईपर्यंत गॅलरीत उभी केली. आला नाही. पण रडली पण नाही, खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत होती.

२३ जानेवारी

बाटलीचं झाकण फाटकन उडालं आणि डिस्पॅचची चलनं भिजली. पत्र्याखाली ऊन तापायला लागलंय, बाटली फुगते. आता दुपारी एकदा झाकण सैल करून हवा सोडतो. फेस येतो मस्त. जिवंत वस्तू आहे, ताजी असल्याशिवाय एवढा जोर कुठून येणार?

२ फेब्रुवारी

घरात मोरीला आंबूस वास येतोय. माझं नाक गोडाऊनच्या धुळीने कायमचं बंद, तरी मला आला म्हणजे विचार करा. मुंग्यांची रांग लागलेली. मेघालीला म्हटलं, जरा फिनेल टाकत जा. ती म्हणाली, "टाकते." हल्ली ती एका शब्दात बोलते. बाटली हातातून घेते, ओट्यावर ठेवते, म्हणते जेवल्यावर घेईन. रिकामी बाटली मात्र सकाळी धुऊन पालथी घातलेली असते. शिस्त आहे बाईला.

आक्काला फोनवर सांगितलं, सून रोज घेते. आक्का खूश.

११ फेब्रुवारी

काल शाळेतून फोन आला तेव्हा डॉकवर गाडी लागलेली होती, मी घेतला नाही. चौथ्यांदा वाजला तेव्हा घेतला. मृणाली मधल्या सुट्टीत कुल्फीवाल्याच्या मागे निघून गेली होती. कल्याण रोडला. त्या कंटेनरच्या रांगा, आणि मधून ही. कुल्फीवाल्यानेच परत आणून सोडली, भला माणूस. मी पोचलो तर ती शिपायाच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. म्हणाली, "बाबा, काकांच्या गाडीला घंटा आहे." तिला काही झालंच नव्हतं.

वर्गशिक्षिका निशा मॅडमनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, ही मस्ती नाही. मस्तीखोर पोरांना शिक्षा केली की निदान आठवडाभर लक्षात राहते, हिला शिक्षा आठवते पण कशाची झाली ते आठवत नाही. बेरीज एक दिवस येते, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मोठ्या आवाजाने कान झाकते. ठाण्याला मुलांच्या वाढीचे डॉक्टर असतात, दाखवा.

मी म्हटलं, माझी मुलगी वेडी नाही. निशा मॅडम म्हणाल्या, "मी तसं म्हटलं का?" म्हटलं नाही, पण नाकाने कांदे सोलणाऱ्या बायका मला कळतात. मेघाली मात्र त्यांचा हात धरून उभी राहिली. डॉक्टरांचं नाव लिहूनही घेतलं.

२० फेब्रुवारी

काल हात उचलला. एकदाच, पाठीवर. नऊ अधिक चार. बोटं मोजून तेरा आलं, मग लगेच तेच विचारलं तर म्हणाली पाच. मला वाटलं थट्टा करतेय.

मेघाली स्वयंपाकघरातून आली आणि मुलीच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. म्हणाली, "तिला येत नाही. येतंय आणि करत नाही असं नाहीये ते. परत हात लावलात तर मी माहेरी जाईन, आणि मग बाटल्या कुठे पोचवायच्या ते बघा." बाटलीचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही. गरोदर बाई, बोलू दिलं.

डॉक्टरांकडची तारीख तिने आधीच घेतली आहे. मला विचारलं नाही.

४ मार्च

होळीला गावी गेलो. ढोल सुरू झाले तशी मृणाली भाताच्या कणगीमागे जाऊन बसली, कानात बोटं. लोक हसले. मलाही हसावं लागलं.

बातमी अशी की हिरामणच्या बायकोला, मैनाला, पण दिवस आहेत. पहिलटकरीण, लाजते. आक्काचा तर दसराच. ताड दोन आणि सुना दोन, बरोबर हिशेब. पण मैना इकडे गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते, कंपनीची बस अंधार असतानाच घेऊन जाते, तेव्हा मडकं झाडावरच असतं. त्यामुळे तिचीही बाटली आक्का झाकून ठेवते आणि ती ड्युटीवरून आली की देते. मैना म्हणाली, "घेतली की गपकन झोप लागते, वैनी." मेघालीने तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, झोप तर हवीच.

१२ मार्च

ठाण्याहून आलो ते घरी थांबवेना, गोडाऊनला येऊन बसलोय. नीट लिहितो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

डॉक्टरीण बाई वयाने मेघालीएवढ्याच. मृणाली आत शिरल्या शिरल्या त्यांच्या मांडीला टेकली आणि म्हणाली, "तुमच्या घरी येऊ?" बाईंनी टेपने तिचं डोकं मोजलं. चेहरा उजेडाकडे करून नाकाखालचा ओठ बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, गोल काढ, दाराला हात लाव आणि पेन आईला दे. मृणालीने गोल काढला. मग अजून एक काढला. पान भरलं.

मग माझ्याशी बोलल्या. गरोदरपणात काही औषधं, तंबाखू, मिसरी, दारू? मेघालीच्या आधी मीच बोललो. म्हटलं बाई, आम्ही शेतकरी असलो तरी आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही, मी शपथ घेतलेला माणूस आहे. त्या म्हणाल्या, "ताडी?" मला हसू आलं. म्हटलं, ताडी नाही हो, नीरा. औषधी. रोज मी स्वतः आणून देत होतो, एक खाडा नाही, आत्ताही देतोय.

मेघालीने मान खाली घातली. मला वाटलं, कौतुकाने लाजली.

बाईंनी विचारलं, "झाडावरून कधी उतरायची?" उजाडताना. "आणि ह्या प्यायच्या कधी?" संध्याकाळी, मी घरी गेल्यावर. "मधल्या वेळात कुठे असायची?" माझ्याकडे, गोडाऊनमध्ये. "फ्रिजमध्ये?" छे, फ्रिजमध्ये ठेवली की गुण जातो.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मग आवाज खाली आणून सांगायला लागल्या. नीरा झाडावरून उतरली की आंबायला सुरुवात होते. उन्हात तर काही तासांत. दुपारपर्यंत तिची ताडी होते, आणि ताडी ही दारूच. आई जे पिते ते रक्तातून नाळेत आणि नाळेतून बाळात. आईचं शरीर दारू जिरवतं, बाळाचं यकृत अजून तयार नसतं, त्याच्या अंगात ती रेंगाळते. आणि मेंदूची बांधणी पहिल्या महिन्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत सुरू असते. कोणती पेशी कुठे जायची, कोणी कोणाशी जोडायचं, ते सगळं तेव्हा ठरतं. दारू त्यात गडबड करते. मूल हसतं, बोलतं, दिसायला छान असतं. पण आठवण टिकत नाही, पैसा आणि वेळ कळत नाही, एका गोष्टीतून दुसरी होते हे कळत नाही. कोणावरही विश्वास टाकतं.

मी विचारलं, थोडीशी घेतली तरी? त्या म्हणाल्या, इतकी चालेल असं कोणीच सांगू शकत नाही, म्हणून नऊ महिने काहीच नको. आणि हेही म्हणाल्या की एका तपासणीत हे सिद्ध होत नाही. कान, थायरॉइड, रक्त, सगळं बघू. पण चेहरा, डोक्याचं माप आणि वागणं जुळतंय. झालेलं भरून येत नाही, शिकवण्याची पद्धत मात्र बदलता येते. मग मेघालीला म्हणाल्या, "तुमचा दोष म्हणून विचारत नाहीये. आता मात्र बंद. आजपासून."

मेघाली म्हणाली, "हो." एवढंच.

१३ मार्च

दोन पुस्तकं शिकल्या की आजीबाईंचा बटवा यांना विष वाटायला लागतो. मला पण आक्काने हीच नीरा पिऊन जन्म दिला. मी काय नळ उघडा टाकतो? हिशेब चुकतो माझा? अख्खं गाव ह्याच झाडावर वाढलंय.

बाटली आली. नेली. मेघालीने घेतली आणि ओट्यावर ठेवली, रोजच्यासारखी. डॉक्टरांचं तिनेही मनावर घेतलं नसावं. मला बरं वाटायला हवं होतं.

१६ मार्च

आज बाटली नेणार नाही असं सकाळी ठरवलं, दुपारी म्हटलं नेतो, आणि संध्याकाळी मागच्या गटारात ओतली. मेघालीला सांगितलं टेंपो आला नाही. "बरं," म्हणाली. काहीच विचारलं नाही.

आक्का माझ्या वेळी झाडाखाली उभी राहून प्यायची. उजाडताना. हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय. डॉकवर उभा असताना, गाडी मोजताना, जेवताना. उजाडताना.

१८ मार्च

काल हमाल निघून गेले, शटर अर्धं ओढलं आणि मी बाटली घेऊन बसलो. शपथ मोडायची होती म्हणून नाही. मला कळायला हवं होतं.

झाकण उघडल्यावर फस्स झालं. तोंडाला लावली. आंबट, जिभेला चावणारी, गोडाचा मागमूस नाही. घशातून खाली गेली आणि ढेकर आला, आणि त्या ढेकराबरोबर बाबा आले. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या आधी दारातून जो वास आत यायचा तो. मी आणि माझी बहीण तो वास आला की गोधडी डोक्यावरून घ्यायचो. माझं नाक बंद असलं तरी तो वास मी मेल्यावरसुद्धा ओळखेन.

निम्मी संपवली. सवय नसलेला माणूस, खोक्यावर बसलो तर समोरची थप्पी हलायला लागली. मोटरसायकल तिथेच ठेवून रिक्षाने घरी गेलो. मेघालीला वाटलं ताप आहे, कपाळाला हात लावला. मी तोंड फिरवलं, तिला वास येऊ नये म्हणून.

एवढी मी तिला रोज दिली. मृणाली पोटात असताना रोज. आणि ह्या वेळी जानेवारीपासून.

१९ मार्च

पाडवा. सुट्टी आहे, तरी चावी घेऊन आलोय. गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, कडू लागला नाही. मेघाली पोटावर हात ठेवून मृणालीची वेणी घालत होती. पोटातलं आता हालचाल करतं. त्याच्या डोक्यात आत्तापर्यंत काय काय चुकीच्या जागी गेलं असेल? गोडाऊनमध्ये माल आत घेतला पण खोक्यावर रॅकचा नंबरच चिकटवला नाही तर दुसऱ्या दिवशी तो सापडत नाही. माल असतो, सापडत नाही. मृणालीचा पाढा तसा आहे. आणि मी त्या पोरीला मारलं.

सांगायला हवं. तोंड उघडतो आणि भलतंच बोलतो. आज दोनदा विचारलं, गॅस संपत आलाय का.

२१ मार्च

सांगितलं. काल संध्याकाळी. मेघाली भाकऱ्या थापत होती, मृणाली बाहेर होती. मी एका दमात सगळं बोललो. बाटली, केबिन, फुगणं, मी प्यायलो ते. म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊ, सोनोग्राफी करू, काही तरी करता येत असेल.

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, "मी ह्या वेळी एक थेंब घेतला नाही."

मला आधी कळेचना. म्हटलं, मग बाटल्या? "मोरीत. रोज." सरकारी दवाखान्यात पहिल्या तपासणीलाच नर्सने सगळ्या बायकांना बसवून सांगितलं होतं, ताडीसुद्धा नको. त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती. मृणालीकडे बघून. मी तेव्हा बाटली कधी सुरू होणार ते आक्काला विचारत होतो.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. लहान मुलासारखा रडलो, लिहायला लाज वाटत नाही. पोटातलं वाचलं.

मग राग आला. म्हटलं, जानेवारीपासून माझं माकड केलंस, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आधी आक्कांना वाचवलं असतं, मग स्वतःला. राहिले असते मी. प्यायली कोण, तर मी." भाकरी उलटून म्हणाली, "आणि एकदा सांगून बघितलं होतं."

कधी? मला तरी आठवत नाही. रागात माणूस काहीही बोलतं.

१ एप्रिल

काल स्टॉक टेकिंग झालं, अंग मोडलंय. तपासण्यांचे रिपोर्ट आले, कान आणि थायरॉइड ठीक. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता हेच धरून चालू. निशा मॅडमना पण बोलावलं होतं. एका वेळी एकच काम सांगायचं. रोज तीच वेळ, तीच जागा. विसरली तर नव्याने सांगायचं, चिडायचं नाही. मी म्हटलं, किती वेळा? बाई म्हणाल्या, लागेल तितक्या वेळा. भिंतीवर चित्रं लावली आहेत, दात, आंघोळ, दप्तर. आज तिने दप्तर स्वतः भरलं. वह्या कालच्या वारच्या होत्या, पण भरलं.

मी चिडतो अजून. आवाज गिळतो, पण तो चेहऱ्यावर येतो आणि तिला दिसतो.

आक्काला अजून सांगितलेलं नाही. बाटली येते, गटारात जाते. मेघाली रोज एकच विचारते, "मैनाला कोण सांगणार?" तिने स्वतः फोन केला होता. मैना म्हणाली, वैनी, मी नको म्हटलं तर आक्का म्हणतील शहाणी झाली, दादांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. दादा म्हणजे मी. दादा रोज गाडी मोजतो आणि उद्यावर ढकलतो. आक्काला हे सांगायचं म्हणजे तिच्या नातीला तिनेच, तिच्या हाताने. मला तो शब्द जुळवता येत नाही.

१२ तारखेला, रविवारी, गावी मेघालीचं डोहाळजेवण आहे. सातवा लागला. आक्काने सगळी भावकी बोलावली आहे. म्हटलं, ते होऊ दे, मग शांतपणे सांगू.

१३ एप्रिल, सोमवार

काल झालं ते लिहितो.

मेघालीला पाटावर बसवलं होतं, फुलांची वाडी भरली होती. बायका ओटी भरत होत्या. शेजारी मैना बसली होती, तिलाही आक्काने गजरा माळला होता. जेवणं आटपून ऊन कलायला लागलं तेव्हा आक्का आतून तांब्या आणि दोन पेले घेऊन आली. सकाळी उतरवलेली, दिवसभर चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली. पेल्यावर फेस होता. आक्का म्हणाली, "आज दोगी बरोबर पिवा. झाराचं दूध हाय, माज्या नातवंडांना."

मेघालीने पेला घेतला आणि पाटाखाली ठेवला. मैनाने घेतला आणि तोंडाजवळ नेला. माझ्याकडे बघितलं नाही तिने, मेघालीनेही नाही. मी ताटं उचलत होतो. मनात आलं, एका पेल्याने काय होतं, उद्या सांगू.

मग माझा आवाज मीच ऐकला. "मैना, पिऊ नको."

आक्का म्हणाली, "काय झाला रं?" म्हटलं, ही ताडी आहे आक्का. उजाडताना दूध असते, आता ताडी आहे. मृणालीला जे झालंय ते ह्यानेच झालंय, डॉक्टरांनी सांगितलं. कोणी तरी ढोलकीवर हात ठेवला होता तो उचलला. मागून एक बाई, कोण ते सांगत नाही, म्हणाली, "म्हंजे मेघाली ताडी पियाची?" आणि दोघी तिघींनी मेघालीकडे ज्या नजरेने बघितलं ती मला दिसली. ती ज्या नजरेला जानेवारीपासून भीत होती ती.

मी म्हटलं, ती प्यायची नाही. मी पाजायचो. रोज गोडाऊनमध्ये दिवसभर तापवून आणायचो आणि समोर उभा राहून पाजायचो.

आक्का खाली बसली. तांब्या तिच्या हातातच होता. म्हणाली, "मी तर झाराखाली पियाची. उजाराच्या आधी." मग तांब्याकडे बघून, "मंगशी तुमची ड्युटी आली मधी." तिने कोणाला दोष दिला नाही, ती नुसतं जुळवत होती. जुळलं तेव्हा तिचा चेहरा बघवेना. ती मेघालीला म्हणाली, "बाय, तू तवा का न्हाय बोललीस गो?" रागाने नाही, खरंच विचारत होती.

मेघाली म्हणाली, "बोलले होते, आक्का. मृणालीच्या वेळी, चौथ्या महिन्यात. डोकं फिरतं, पाय सरळ पडत नाही, चढल्यासारखं वाटतं म्हणाले. तुम्ही दोघं हसलात."

आक्काने डोळे मिटले. तिला आठवलं, मला दिसलं की तिला आठवलं. मैनाने पेला खाली ठेवला आणि पदराने ओठ पुसले. ओठ ओले नव्हते, तरी पुसले. मृणाली मधेच येऊन आक्काच्या मांडीवर बसली आणि गजरा मागायला लागली. आक्काने तिला घट्ट धरलं आणि सोडेचना.

येताना मेघाली मागे बसली होती, मृणाली मधे. वज्रेश्वरीच्या रस्त्याला मी खूप आठवून बघितलं. मला ते हसणं आठवत नाही. दिवस आठवत नाही, मेघाली कुठे उभी होती ते आठवत नाही. घरी आल्यावर तिला विचारलं, मी नेमकं काय बोललो होतो?

ती म्हणाली, "जाऊ दे."

म्हटलं, सांग.

ती मृणालीचे बूट काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही म्हणालात, 'शहाण्या सुनेला दूधसुद्धा चढतं.' आणि पेला परत माझ्या हातात दिलात."

केबिनमध्ये बसून ते वाक्य मी इथे उतरवलं आणि मागची पानं चाळून पाहिली. वाक्य माझंच आहे. मी असाच बोलतो.